कडू कंद आणि आखडलेले पाय



माणूस सकाळी धडधाकट घराबाहेर पडतो, दिवसभर चालतो, राबतो, रात्री अंथरुणावर पडतो. पहाटे उठू लागतो तो दोन्ही पाय लाकडासारखे ताठ. ताप नाही, पाठीला मार नाही, बोलणे शुद्ध. पण गुडघे वळत नाहीत आणि टाचा जमिनीला टेकत नाहीत. चवड्यांवर, पायात पाय अडकवीत, काठीच्या आधाराने चालावे लागते. ज्याला जास्त झाले त्याला तेही जमत नाही, तो सरपटतो. हे दुखणे पुढे वाढत नाही आणि बरेही होत नाही. एकदा झाले ते जन्माचे.

आफ्रिकेच्या दक्षिण भागातील मोझांबिक देशात १९८१ साली अशा रोग्यांची रांगच लागली. देशाच्या उत्तरेस नांपुला नावाचा प्रांत आहे. तेथे त्या वर्षी अकराशेहून अधिक रोगी मोजले गेले, आणि त्यांत मुले व स्त्रियाच फार. गावकरी या रोगाला मंताकासा म्हणत.

हा मुलूख आपल्याकडील पुष्कळांना ऐकून माहीत आहे. मोझांबिकवर १९७५ पर्यंत पोर्तुगिजांचे राज्य होते आणि गोव्यातील कितीतरी घरांतून कोणी ना कोणी तेथे नोकरी-धंद्याला गेलेले असे. संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास येताना १५४१-४२ च्या सुमारास ज्या मोझांबिक बेटावर काही महिने अडकून पडले व आजाऱ्यांची शुश्रूषा करीत राहिले, ते बेट याच नांपुला प्रांतात येते. आज आपण ज्या कंदाची गोष्ट पाहणार आहोत, तो कसावाचा कंदही पोर्तुगीज गलबतांनीच ब्राझीलमधून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणला. आपला साबुदाणा याच कंदाच्या सत्त्वाचा होतो. दक्षिणेकडे याला टॅपिओका म्हणतात.

त्या वेळी तेथील नाकाला भागात हान्स रोझलिंग नावाचे तरुण स्वीडिश डॉक्टर काम करीत होते. सुमारे तीन लाख लोकांमागे एक-दोन डॉक्टर, अशी तेथील अवस्था होती. पाय आखडलेले रोगी शेकड्यांनी दिसू लागले तेव्हा त्यांना रोगाचे नाव सांगता येईना. पुस्तकातल्या कोणत्याच रोगाशी लक्षणे जुळेनात. हा एखादा नवा सांसर्गिक रोग असेल तर शहरात पोहोचून हाहाकार करील, या धास्तीने त्यांनी अधिकाऱ्यांना काहीतरी करण्यास सांगितले आणि गावाकडून शहरात येणारा रस्ता अडविण्यात आला.

त्या पहाटे सुमारे वीस बायका आपली मुले घेऊन बाजारासाठी निघाल्या होत्या. मोटार बंद आहे असे कळल्यावर त्या समुद्रावर गेल्या आणि मच्छीमारांना होड्या सोडायला लावले. होड्या लाटांत उलटल्या. पोहता कोणालाच येत नव्हते. बायका, मुले, नावाडी सगळे बुडाले. रोझलिंग यांनी ही गोष्ट कित्येक वर्षे कोणाला सांगितली नाही. शेवटी त्यांच्या मृत्यूनंतर २०१८ साली निघालेल्या पुस्तकात ती छापली गेली. रोग मुळी सांसर्गिक नव्हताच. ज्या डॉक्टरने अशी चूक स्वतःच्या हाताने लिहून ठेवली, त्याच्या पुढील शोधावर माझा तरी अधिक विश्वास बसतो.

मग शोध सुरू झाला. सरकारी आरोग्य खात्याचे लोक आणि बाहेरून आलेले संशोधक यांनी खेडी पालथी घातली. शहरात हा रोग नव्हता. अंगावर पिणारी बालके सुटत होती. एकाच घरात दोघा-तिघांना होई, पण रोग्याची सेवा करणाऱ्या परक्या माणसाला होत नसे. रोगी सापडत ते पावसाने दगा दिलेल्या कोरडवाहू गावांत, जेथे मका, शेंगा, डाळी सारे जळून गेले होते आणि शेतात एकच वस्तू उभी होती, ती म्हणजे कडू कसावा. रोग्यांचे रक्त व लघवी तपासली तेव्हा सायनाइडच्या खुणा भरपूर निघाल्या. हे संशोधन १९८४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाले. शोध घेता घेता असेही उघडकीस आले की ट्रोली नावाच्या इटालियन डॉक्टरने १९३८ साली काँगोमध्ये हाच रोग पाहून लिहून ठेवला होता. तेथील याका लोक त्याला कोंझो म्हणत, म्हणजे बांधलेले पाय. आज शास्त्रातही हेच नाव चालते.

सायनाइड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खून आणि आत्महत्या येतात. पण बेळगाव-सोलापूरकडील ज्वारीवाल्यांना हे विष घरचेच आहे. पावसाने ओढ दिल्यावर खुरटलेली कोवळी ज्वारी, किंवा कापणीनंतर आलेले हिरवे फुटवे गाईने अधाशासारखे खाल्ले की ती धापा टाकू लागते, थरथरते आणि कधी कधी तासाभरात पडते. ते हेच विष. कसावाच्या कंदात ते लिनामारिन नावाच्या पदार्थात बांधलेले असते. कंद अख्खा आहे तोवर विष मोकळे होत नाही. तो किसला, ठेचला, कुजवला की त्यातलाच दुसरा एक पाचक रस लिनामारिनशी भिडतो, त्याचे तुकडे करतो आणि विषारी वायू सुटून हवेत निघून जातो. म्हणून कडू कसावा खायचा तर आधी त्याला फोडावे लागते आणि मग थांबावे लागते.

हे आफ्रिकेतल्या बायकांना शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. कोठे कंद तीन-चार दिवस पाण्यात भिजत घालतात, कोठे किसून आंबवतात. नांपुलाकडे सोललेले कंद उन्हात कित्येक दिवस वाळवतात, किंवा पाल्याखाली ढीग करून बुरशी येऊ देतात, मग वाळवून कांडतात. त्या पिठाची घट्ट उकड करून खातात. नुसत्या वाळवण्याने विष थोडेच जाते, ढिगाने बरेच जाते. पण साऱ्याला दिवस लागतात.

दुष्काळात नेमके हेच उलटते. एक तर कोरड्या वर्षी कंदातच विष जास्त उतरते. दुसरे, घरात दुसरे धान्य नसते. पोर रडत असते आणि कालच उपटलेला कंद अर्धवट वाळवून आज कांडला जातो. आठ दिवसांचे काम दोन दिवसांत उरकले जाते. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या शरीराला थोडे सायनाइड निवळता येते. त्यासाठी गंधक लागते, आणि ते मासे, अंडी, मांस, दूध, कडधान्ये यांतील प्रथिनांतून मिळते. गंधक मिळाले की सायनाइडचे बरेच निरुपद्रवी द्रव्य बनते व लघवीवाटे निघून जाते. ज्वारी लागलेल्या गाईला जनावरांचे डॉक्टर सोडियम थायोसल्फेट टोचतात, तेही शरीराला गंधक पुरवण्यासाठीच. फोटोवाल्यांच्या दुकानात ज्याला हायपो म्हणत, तेच हे औषध. दुष्काळात ताटातून डाळ व मासळी नाहीशी होते आणि विष मात्र वाढते. काही आठवडे असेच चालले की एके दिवशी, बहुधा लांबची चाल झाल्यावर, मेंदूकडून पायांना हुकूम पोहोचवणाऱ्या नसा कामातून जातात. त्या नसांवर नेमका घाव कोणते द्रव्य घालते, यावर संशोधकांचा वाद अजून मिटलेला नाही.

दुष्काळाबरोबर युद्धही तेच करते. मोझांबिकमधील यादवी १९९२ साली थांबली तेव्हा पळापळीत जगलेल्या लोकांत पुन्हा रोगी निघाले. २००५ च्या दुष्काळात पुन्हा निघाले.

कोणी म्हणेल, मग कडू कसावा लावतात कशाला? गोड जाती आहेत ना? आहेत, आणि आता लागवड खात्याकडून कमी कडू जाती दिल्याही जातात. पण शेजारच्या मलावी देशातील बायकांनी संशोधकांना सरळ सांगितले की गोड कंद चोर उपटतात, माकडे व रानडुकरे खातात. कडू कंदाला कोणी हात लावत नाही, तो लेकरांसाठी शेतात सुरक्षित राहतो. ज्याच्या शेताला कुंपण नाही त्याला हे पटायला वेळ लागू नये.

तेव्हा कंद तोच ठेवून विष कसे काढावे, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील हॉवर्ड ब्रॅडबरी यांनी २००५ च्या सुमारास सुचविले आणि मोझांबिकमध्ये ते करून पाहण्यात आले. ते इतके साधे आहे की प्रथम खरे वाटत नाही. पीठ घमेल्यात घ्यायचे आणि आतून पिठाच्या पातळीवर खूण करायची. मग पाणी घालून कालवायचे. पीठ आधी खाली बसते. ते पुन्हा खुणेपर्यंत येईतो पाणी घालीत जायचे. हे ओले पीठ टोपलीवर किंवा चटईवर बोटाच्या जाडीपेक्षा पातळ पसरायचे. उन्हात दोन तास, सावलीत पाच तास ठेवायचे. पिठात उरलेला पाचक रस पाण्याने जागा होतो, विष सुटते आणि उडून जाते. मग त्याच दिवशी नेहमीप्रमाणे उकड करायची. एवढ्याने विष पूर्वीच्या तिसऱ्या ते सहाव्या हिश्शावर येते. कोरडे पीठ एकदम उकळत्या पाण्यात टाकले तर मात्र हे होत नाही. उष्णतेने तो पाचक रस मरतो आणि बांधलेले विष पोटात जाते.

सुरक्षित पिठात दशलक्ष भागांत दहा भागांपेक्षा जास्त सायनाइड नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. दुष्काळी वर्षात मोझांबिकमध्ये ते शंभराच्या वर गेलेले आढळले आहे. मोजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. बाटलीत थोडे पीठ व पिवळ्या कागदाची पट्टी ठेवली की विषाच्या प्रमाणात पट्टी तांबूस होत जाते. शाळेतील मुलांच्या लघवीवरूनही गावाचा अंदाज येतो. काँगोमध्ये २०१० नंतर ज्या गावांत बायकांना पीठ ओले करण्याची रीत शिकवली आणि त्यांनी ती रोज पाळली, तेथे पाहणीच्या मुदतीत नवा रोगी झाला नाही. बायका सांगत की अशा पिठाची उकड कडू लागत नाही. मला वाटते, रीत टिकली ती या चवीमुळे अधिक. काँगोतील मुलांच्या पुढील तपासण्यांत असेही दिसले की ज्यांचे पाय शाबूत आहेत त्यांच्याही आकलनशक्तीवर या विषाचा परिणाम होतो. म्हणजे आखडलेले पाय हे वरवर दिसणारे टोक आहे.

साबुदाण्याविषयी घाबरण्याचे कारण नाही. कंद किसून, सत्त्व पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन, निवळून, भाजूनच साबुदाणा होतो आणि त्या धुण्यात विष निघून जाते. केरळात टॅपिओका उकडून पाणी टाकून देतात आणि बरोबर मासळीचे कालवण खातात. तेथे जाती कमी कडू आहेत, आणि मासळीतून गंधकही मिळते. ज्यांनी परसात टॅपिओका लावला आहे त्यांनी कंद सोलून, तुकडे करून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यावे आणि कडू लागणारा कंद टाकून द्यावा. पाला व साली ओल्या असताना जनावरांपुढे टाकू नयेत.

असे दुखणे आपल्या देशाला नवीन नाही. स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ च्या आपल्या पुस्तकात सागर भागातली हकीगत दिली आहे. १८२९ पासून तीन वर्षे गारपीट, अवर्षण आणि रोग यांनी गहू बुडाला आणि शेतात लाखच तेवढी तगली. लोकांनी तीच डाळ खाल्ली. १८३३ पासून जवान माणसांचे कमरेखालचे अंग जाऊ लागले. लाखेतले विष वेगळे आहे, सायनाइडचे नव्हे. बाकी सारे तेच: कोरडे साल, एकच तगलेले पीक, तेच दोन्ही वेळा ताटात, आणि मग काठी. लाखोळीची डाळ ज्यांच्याकडे अजून खातात त्यांनी ती रात्रभर भिजवून पाणी फेकावे, दुसऱ्या डाळीत मिसळून थोडीच खावी, आणि ओळीने महिना-महिना तीच खाऊ नये.

नांपुलात १९८१ साली सहा-सात वर्षांची असताना पाय आखडलेली मुले आज पन्नाशीला आली असतील. या रोगावर औषध निघालेले नाही. आखडलेल्या शिरा शस्त्रक्रियेने सैल करून आणि व्यायाम देऊन काहींना थोडे बरे चालता येते. पीठ उन्हात पसरण्याचे ते दोन तास मात्र आजही प्रत्येक दिवशी काढावे लागतात, आणि पहाटे पाण्याला जाऊन, शेतात राबून परतलेल्या बाईलाच ते काढावे लागतात.