बोटांनी निवडलेलं कापड

मी पुण्यात पुष्कळ वर्षं ब्लाउज शिवले. पाठ मशीनवर बसू देईना, तेव्हा दुकान सुनेकडे सोपवलं आणि तुकड्यांची पिशवी घेऊन विशेष मुलांच्या एका शाळेत जायला लागले. बुधवारी, कलेच्या तासाला. तिथं आम्ही हातानं चाचपून बघायची चित्रं करतो.

टेबलावर काय काय असतं! खणाची बारीक नक्षी बोटाला लागते. सॅटिन गार, बुकरम ताठ, तरट खरखरीत. वेलवेटवरून एका दिशेनं हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला की लव अडते. टोचरी जर मात्र मी विचारल्याशिवाय कुणापुढे ठेवत नाही.

का, ते शाळेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंनी समजावलं. पाच ज्ञानेंद्रियं आपण शाळेत शिकतो. त्याखेरीज कानाच्या आत तोल सांभाळणारी एक यंत्रणा असते, आणि हात-पाय कुठं आहेत हे सांधे-स्नायूंतूनही कळतं. या साऱ्या संवेदना मेंदूत जुळाव्या लागतात. अमेरिकेतल्या ए. जीन एअर्स यांनी हा विचार मांडला. त्यांचं पुस्तक 1972 मध्ये आलं. स्वमग्न मुलांपैकी एखाद्याला ओल्या खळीचा थेंबही सोसत नाही. दुसऱ्याला स्पर्श इतका कमी जाणवतो की कापड मुठीत चुरगाळून गालावर घासल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. हा हट्ट नव्हे. खळ नको असेल, तर मी चिकट प्लास्टिकचा कागद चिकट बाजू वर करून टेबलाला पक्का बसवते. त्यावर तुकडा ठेवला की झालं.

नव्या स्वयंसेवकांचं एक मला अजिबात पटत नाही. मुलाचा हात धरायचा, आपणच फिरवायचा आणि मग म्हणायचं, ‘बघा, किती छान केलं यानं!’ अंध मुलांच्या शिक्षिका आपला हात मुलाच्या हाताखाली ठेवतात. मूल वरून चाचपत येतं, नको वाटलं तर हात काढून घेतं. निवड त्याची राहते.

सेरेब्रल पाल्सी असलेली एक मुलगी आमच्याकडे आहे. तिला बोलता येत नाही, मूठ फार सावकाश उघडते. मी दोन कापडं तिच्या हाताला लावते, मग दोन बाजूंना धरून थांबते. पुष्कळ वेळ थांबावं लागतं. तिची नजर एका बाजूला जाऊन टिकते, तेच कापड घ्यायचं. सॅटिन सोडून तिनं बुकरमच घेतलं, पुन्हा बुकरम, पुन्हा बुकरम. चित्र झालं पांढऱ्यावर पांढरं. प्रदर्शनाआधी कुणीतरी म्हणालं, ‘आजी, एक लाल काठ लावू या ना, उठून दिसेल.’ मी लावू दिला नाही. तिनं लाल मागितलेलाच नव्हता.

न दिसणाऱ्या मुलाला चित्रकला कशाला, असंही पाहुणे विचारतात. शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी 1950 च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर गेली. त्यानंतरही ते कागद कापून चित्रं रचत राहिले, 1972 मध्ये तिथल्या एका भिंतीवर त्यांचं मोठं काम उभं राहिलं. सत्यजित राय यांचा त्यांच्यावर माहितीपट आहे. तो पाहुण्यांनी जरूर पाहावा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. टेबलाशी बसल्यावर मला त्याहून उपयोगी पडतं ते शिक्षिकेनं दिलेलं टिपण: कोण वस्तू तोंडात घालतं, कुणाला झटके येतात, कुणाला मागून हात लावलेला चालत नाही.

तुम्हाला यायचं असेल, तर एक वार ठरवा आणि त्याच वारी या. ठरलेली व्यक्ती आली नाही की काही मुलांचा सगळा दिवस बिघडतो. अत्तर लावून येऊ नका. जुने ब्लाउज आणाल, तर ते धुऊन आणा आणि हुक-बटणं आधी उसवून घ्या.