'मूळची कुठली?' हे मोजायचं कसं?

पीएचडीच्या मुलाखतीत समिती हमखास विचारते, "विषय चांगला आहे, पण हे मोजणार कसं?" भल्याभल्यांची तिथे बोलती बंद होते. म्हणून आज मुद्दाम असा विषय घेतेय, जो ऐकायला अगदी किरकोळ वाटतो. एखादीचा चेहरा बघून विचारलं जातं, "तू कुठली?" ती सांगते. त्यावर लगेच येतं, "तसं नाही, मूळची कुठली?"

तुम्ही म्हणाल, यात कसलं आलंय संशोधन? एसटीत शेजारी बसलेले काकासुद्धा पाच मिनिटांत मूळ गाव विचारतात. अगदी बरोबर, आणि गोची तिथेच आहे. आपल्याकडे मूळ गाव विचारण्यामागे ओळख काढणं असतं, नातं लावणं असतं आणि (खोटं कशाला बोला) पुष्कळदा जात काढणंही असतं. "तुम्हाला मूळ गाव विचारलं जातं का?" असा प्रश्न तुम्ही प्रश्नावलीत टाकलात, तर अर्धं पुणे 'हो' म्हणेल आणि तुमचा डेटा गेला पाण्यात. तुम्हाला जे मोजायचंय ते त्या शब्दांत नाहीच.

मग कशात आहे? आमच्या लॅबमधली एक मैत्रीण आयझॉलची आहे. मी साताऱ्याची. मी 'सातारा' म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "साताऱ्यात कुठे?" म्हणजे माझं उत्तर धरून माणूस पुढे जातो. ती 'मिझोराम' म्हणते, तेव्हा ऐकू येतं, "हो, पण इंडियन ना?" तिचं उत्तर धरलं जात नाही, परत पाठवलं जातं. दुसरा प्रश्न पहिल्या उत्तराचं काय करतो, ते बघायचं. हे नोंदवता येतं आणि मोजताही येतं.

सामाजिक मानसशास्त्रात याला 'ओळख नाकारणं' असं म्हणता येईल अशी संकल्पना आहे. तुम्ही एखाद्या गटाला आपलं मानता, तो गट तुमच्यासाठी महत्त्वाचा असतो आणि समोरचा तुम्हाला त्यात धरतच नाही. सपना चेरियन आणि बेनवा मोनँ यांनी २००५ मध्ये आशियाई वंशाच्या अमेरिकनांवर याचा अभ्यास प्रसिद्ध केला. चेरियन तेव्हा स्वतः स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करत होत्या, हे आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावं.

त्या अभ्यासाची रचना बघण्यासारखी आहे. आधी त्यांनी दाखवलं की आशियाई वंशाच्या अमेरिकनांना इतर अमेरिकनांपेक्षा 'कमी अमेरिकन' समजलं जातं. मग विचारलं, तुम्ही स्वतःला किती अमेरिकन मानता? तर गोऱ्या अमेरिकनांइतकंच. आणि लोक आपल्याला तसं समजत नाहीत, हेही त्यांना पक्कं माहीत होतं. स्वतःची नजर आणि इतरांची नजर यांच्यातलं हे अंतर आधी सिद्ध केलं, मगच पुढचा प्रश्न घेतला: कुणी ओळख नाकारली की माणूस करतो काय? ते लोक अमेरिकन संस्कृतीबद्दलची आपली माहिती दाखवायला लागले, आणि अमेरिकन रीतीभातींत आपण किती भाग घेतो हे जास्त ठासून सांगायला लागले.

याचंच पुढचं काम २०११ मध्ये माया ग्वेंडेलमन, चेरियन आणि मोनँ यांनी केलं, आणि ते मला जास्त आवडतं, कारण त्यात मोजमाप थेट ताटात आहे. सहभागींपैकी काहींना आधी सहज विचारलं, "तुम्हाला इंग्रजी येतं का?" बाकीच्यांना हा प्रश्न नाही. कुणाला विचारायचं हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलेलं, म्हणून पुढे फरक दिसला तर तो त्या वाक्यामुळेच असं म्हणता येतं. नंतर आवडता पदार्थ विचारला. प्रश्न ऐकलेल्या आशियाई अमेरिकनांनी ठरावीक अमेरिकन पदार्थाचं नाव तिपटीने जास्त वेळा घेतलं. गोऱ्या सहभागींवर त्याच वाक्याचा काही परिणाम नाही. दुसऱ्या प्रयोगात काही जणांना सांगितलं, "या अभ्यासासाठी अमेरिकन असावं लागतं," आणि मग जेवण मागवायला दिलं. हे ऐकलेल्यांच्या जेवणात सरासरी १८२ कॅलरी आणि १२ ग्रॅम स्निग्ध पदार्थ जास्त निघाले. आपण इथलेच आहोत, हे सिद्ध करायला माणसं बर्गर मागवत होती!

(असा प्रयोग तुम्ही करायचा म्हटलात, तर नैतिकता समिती पहिल्यांदा विचारेल की सहभागीला दुखावणारं वाक्य ऐकवल्यावर खरं काय ते त्याला कधी आणि कसं सांगणार. उत्तर तयार ठेवा.)

विचारणाऱ्याला खरंच माहीत नसतं म्हणून तो विचारतो, असा एक बचाव नेहमी ऐकू येतो. थिएरी डेवो आणि डेबी मा यांचा २००८ चा शोधनिबंध याच ठिकाणी बोट ठेवतो. केट विन्स्लेट ब्रिटिश आणि लूसी लिऊ अमेरिकन, हे लोकांना माहीत असतं. पण क्षणार्धात जोड्या लावायच्या चाचणीत 'अमेरिकन' हा शब्द विन्स्लेटशी जास्त पटकन जुळतो. माहिती असूनही डोळा आपलं वेगळंच ठरवतो.

आता आपल्याकडे या. प्रयोगशाळेतले हे निष्कर्ष उचलून इथे चिकटवता येत नाहीत, पण जागा तीच आहे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये अफवा पसरल्या आणि बंगळूर, पुण्यासारख्या शहरांतून ईशान्येकडचे हजारो लोक गाड्या भरभरून परत गेले. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि त्यानंतर केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. डंकन मॅकड्यूई-रा यांचं २०१२ चं पुस्तक दिल्लीतल्या ईशान्य भारतीयांवर आहे, पण पद्धत पूर्ण वेगळी: लोकांमध्ये राहून केलेलं क्षेत्रकार्य. त्यात एक गोष्ट अशी सापडते जी प्रश्नावलीत कधीच आली नसती. जो चेहरा रस्त्यावर 'परदेशी' ठरतो, तोच मॉलमधल्या दुकानदारांना नोकरीसाठी हवा असतो, कारण दुकान 'ग्लोबल' दिसतं.

माझ्या मैत्रिणीला एका प्रसिद्ध वास्तूच्या तिकीट खिडकीवर आधार कार्ड दाखवल्यावरही पासपोर्ट मागितला होता. भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पाहुण्यांना ६०० अशा दरांच्या ठिकाणी हा प्रश्न नुसता भावनेचा राहत नाही. तेव्हापासून ती रांगेत उभी राहिली की मोठ्याने मराठीत बोलायला लागते. मंडईत तर समोरच्याने तोंड उघडायच्या आत हिचं सुरू, "दादा, मेथी कशी दिली?" सगळे कौतुक करतात, किती छान मराठी बोलते! ग्वेंडेलमन वाचल्यापासून मला ते कौतुक नीट करता येत नाही. काही मराठी ती हौसेने शिकलीय, काही पासपोर्टऐवजी वापरते. कुठली किती, हे तिलाही सांगता येत नाही.

कुणाला यावर काम करायचं असेल तर माझी सूचना: आठवणीवर विसंबू नका, पंधरा दिवसांची रोजनिशी द्या. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न, दिलेलं उत्तर आणि त्यावर आलेला दुसरा प्रश्न जसाच्या तसा लिहायला सांगा. तुलनेसाठी नागपूर-कोल्हापूरकडून पुण्यात आलेले विद्यार्थी घ्या, म्हणजे एसटीतल्या काकांचं 'मूळ गाव' वेगळं काढता येईल. आणि रोजनिशीच्या पहिल्या पानावर माहितीच्या रकान्यांत 'मूळ गाव' छापू नका. आमच्या विभागाच्या फॉर्मवर तो रकाना आहे. तिने तिथे 'आयझॉल, मिझोराम' लिहून पुढे कंसात 'भारत' लिहिलंय.