घरातला सूर – भाग ६ : वॉट पुरेसे, तरी अ‍ॅम्प्लिफायर का तापतो?

मागच्या भागात आपण स्पीकरची संवेदनशीलता पाहिली. २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. ८ ओहमच्या ९० डेसिबलवाल्या स्पीकरला जिथे १० वॉट पुरतात, तिथे ८४ डेसिबलवाल्याला ४० लागतात. त्यामुळे ‘कमी डेसिबल म्हणजे अवघड स्पीकर’ असा समज होतो. अ‍ॅम्प्लिफायर तापून बंद पडतो तेव्हा मात्र दोष बहुधा ओहममध्ये सापडतो.

बीबीसीचा ‘एलएस३/५ए’ घ्या. १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी घडवलेला हा चिमुकला स्पीकर जेमतेम ८२-८३ डेसिबल देतो, पण त्याचा इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा विरोध, १५ ओहम, नंतरच्या आवृत्तीत ११. त्याला व्होल्ट हवेत, करंटची भूक कमी. दुसऱ्या टोकाला १९८० च्या दशकातला अमेरिकन ‘अपोजी सिंटिला’. हा रिबनचा स्पीकर, इम्पिडन्स १ ओहमच्या आसपास. तेच २० व्होल्ट दिले तर पहिला सुमारे १.३ अँपिअर ओढतो आणि दुसरा २०. त्या काळी भल्याभल्या अ‍ॅम्प्लिफायरनी त्याच्यापुढे हात टेकले, यात नवल नाही.

आता उष्णता नेमकी कुठे तयार होते ते पाहू. समजा, अ‍ॅम्प्लिफायरच्या आत अधिक-उणे ३५ व्होल्टचा पुरवठा आहे. स्पीकरला त्या क्षणी १५ व्होल्ट हवे असतील, तर उरलेले २० ट्रान्झिस्टरच्या वाट्याला येतात. त्यांना करंटने गुणलं की झाली उष्णता. पूर्ण आवाजात हे उरलेले व्होल्ट कमी पडतात, म्हणून सर्वांत जास्त ताप तेव्हा होत नाही. गणिताने तो कमाल ताकदीच्या ४० टक्क्यांच्या आसपास येतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ च्या नियमात अ‍ॅम्प्लिफायर आधी तासभर एक-तृतीयांश ताकदीवर चालवायला लावला, तेव्हा उत्पादकांची पळापळ झाली ती यामुळेच. पुढे ही अट एक-अष्टमांशावर आणली गेली.

याच ३५ व्होल्टवर ८ ओहमचा स्पीकर असेल तर एका चॅनेलमध्ये जास्तीत जास्त ३१ वॉट उष्णता निघते. ४ ओहमला ती ६२ होते. दर वॉटला अर्धा अंश चढणारा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) पहिल्या वेळी साधारण १५ अंशांनी तापेल, दुसऱ्या वेळी ३१ अंशांनी. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असेल तर हीटसिंक ७१ वर पोचतो. संगीताचा भार सतत एवढा नसतो, म्हणून एरवी निभावून जातं.

त्यातही स्पीकर म्हणजे साधा रोधक नव्हे. जाड-बारीक सूर वेगळे करणाऱ्या क्रॉसओव्हरमधल्या कॉइल आणि कपॅसिटरमुळे करंट व्होल्टेजच्या मागे-पुढे सरकतो. झोपाळा अजून आपल्याकडे येत असतानाच त्याला ढकलावं, तसं ट्रान्झिस्टरचं होतं : भरपूर व्होल्ट अंगावर असतानाच भरपूर करंटही वाहतो. हा फरक ४५ अंशांचा झाला तर पूर्ण ताकदीच्या वेळी ट्रान्झिस्टरवरचा क्षणिक ताण अडीच पटींच्याही वर जातो. म्हणजे कागदावर ४ ओहमचा दिसणारा स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरला २ ओहमपेक्षाही जड जाऊ शकतो.

म्हणून स्पीकरवरचा ‘८ ओहम’ हा नाममात्र आकडा समजावा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार इम्पिडन्स त्याच्या ८० टक्क्यांखाली, म्हणजे ६.४ ओहमखाली उतरता कामा नये, पण सगळेच उत्पादक हे पाळत नाहीत. माहितीपत्रकात ‘किमान इम्पिडन्स’ शोधा. तो ३ ओहमच्या आसपास असेल तर अ‍ॅम्प्लिफायरचा ४ ओहमचा आकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. ८ ओहमला ८० वॉट आणि ४ ओहमला १४० असतील तर पुरवठा भक्कम आहे. ४ ओहमला आकडा ९० वरच अडकला असेल, किंवा दिलेलाच नसेल, तर सावध व्हा.

अ‍ॅम्प्लिफायर आधीच घरात असेल तर ‘ए+बी’ बटण दाबून दोन जोड्या एकदम वाजवू नका. बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्या समांतर जोडल्या जातात, त्यामुळे ८ चे ४ आणि ४ चे २ ओहम होतात. मागचा ‘४ ओहम’ स्विच बऱ्याच रिसीव्हरमध्ये आतलं व्होल्टेज उतरवतो. त्याने ताप कमी होतो आणि ताकदही. शोकेसच्या बंद कप्प्यातून अ‍ॅम्प्लिफायर बाहेर काढा, वरचा क्रोशाचा रुमाल आणि सेट-टॉप बॉक्स हलवा, वर वीतभर जागा सोडा, जाळीतली धूळ ब्रशने झाडा. एवढ्यानेही भागलं नाही तर संथ फिरणारा छोटा पंखा हीटसिंककडे तोंड करून लावा. तरीही अ‍ॅम्प्लिफायर बंदच पडत असेल, तर जोडी जुळलेली नाही असं समजून दोघांपैकी एक बदलावा लागेल.

पुढच्या आठवड्यात : स्पीकरची वायर किती जाड हवी?