कोणते बटण दाबले ते कसे कळते?

आपल्या शाळेच्या संगणकावर पाठांचे पान उघडले की दहा बटणे एकाखाली एक दिसतात. सगळी करड्या रंगाची. आपण सातवे दाबले की तेवढेच निळे होते. म्हणजे सातवा पाठ चालू आहे, हे मागे बसलेल्यालाही कळते. हे कसे होते ते मी गुरुजींना विचारले. तेच इथे सांगतो.

असे पान तीन भाषांत लिहितात. पहिली एच.टी.एम.एल. ती सांगते, इथे दहा बटणे आहेत. दुसरी सी.एस.एस. ती सांगते, ज्याला 'निवडलेले' अशी चिठ्ठी असेल ते निळे दिसावे. तिची कल्पना होकोन विउम ली यांनी १९९४ साली मांडली. तिसरी जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी ती १९९५ साली पहिल्यांदा दहा दिवसांत तयार केली. चिठ्ठी लावायचे व काढायचे काम हिचे.

आता गंमत बघा. चिठ्ठी नुसती लावून भागत नाही. तिसरे दाबले, ते निळे. सातवे दाबले, तेही निळे. मग कळणार काय कप्पाळ! म्हणून आधी जुनी चिठ्ठी काढायची आणि मग नवी लावायची. वर्गात नवा मॉनिटर झाला की जुन्याच्या खिशावरचा बिल्ला आधी काढतात ना, तसेच.

अजून एक महत्त्वाचे. आमच्या वर्गातल्या एका मुलाला लाल व हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. एका प्रश्नमंजुषेत दाबलेले उत्तर हिरवे आणि बाकीची लाल होती. त्याला चारही सारखीच दिसली. उत्तर येत होते, पण आपण कोणते दाबले तेच त्याला कळेना. पोरे हसली. गुरुजी म्हणाले, "हे जन्मापासून असते, त्यात त्याचा काय दोष? दोष पानाचा आहे." वेबपानांच्या जागतिक नियमांतही आहे, की नुसत्या रंगाने खूण सांगू नये. रंगाबरोबर बरोबरची खूण किंवा जाड चौकट द्यावी. अंध माणसांना संगणक पान वाचून दाखवतो, त्याला 'हे निवडलेले आहे' असे वाचता येईल अशी सोयही करावी.

पालकांनी मतदानाचे यंत्र पाहिलेच असेल. बटण दाबले की नावाशेजारी लाल दिवा लागतो आणि लांब आवाजही येतो. शिवाय शेजारच्या यंत्रात चिठ्ठी ७ सेकंद दिसते. एकाच गोष्टीच्या तीन खुणा!

म्हणून मोठेपणी कोणी असे पान बनवले, तर लक्षात ठेवा. बटण दाबणाऱ्या प्रत्येकाला आपण काय दाबले हे कळलेच पाहिजे.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी