अर्थिंगची तार

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. कारखान्यामागोमाग वसाहत वाढली आणि तिच्याबरोबर दुकाने, उपाहारगृहे व कचेऱ्या आल्या. अशा इमारतींत दिवे-पंखे चालविणाऱ्या तारांची काळजी सारेच घेतात. परंतु जिच्यातून एरव्ही वीज वाहतच नाही, ती अर्थिंगची तार मात्र उपेक्षित राहते.

शीतकपाटातील तारेचे वेष्टन झिजून ती लोखंडी सांगाड्याला टेकली, तर सांगाड्यात वीज उतरते. अर्थिंग नीट असेल, तर प्रवाह त्या वाटेने एकदम वाढतो आणि फ्यूज वितळतो. नसेल, तर हात लावणाऱ्याचा देहच वीज जाण्याची वाट बनतो.

म्हणूनच भारतीय मानक ३०४३ प्रमाणे, दोन्ही तारा एकाच धातूच्या असल्यास, मुख्य तार १६ चौरस मिलिमीटरपर्यंत असेतो अर्थिंगची तार तितकीच जाड हवी. १६ ते ३५ पर्यंत ती १६ ची, आणि पुढे निम्मी चालते. तिच्यात स्विच वा फ्यूज कधीही बसवू नये.

उन्हाळ्यात जमीन सुकली की तिचा विरोध वाढतो. तेव्हा तपासणी वैशाखात करावी. पावसाळ्यातील समाधान फसवे असते.