घटस्फोटानंतर मूल कोणाच्या रिटर्नमध्ये?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या जोडप्याचा घटस्फोट होतो. ‘एका वर्षी आईने, दुसऱ्या वर्षी वडिलांनी मुलाला आपल्या रिटर्नमध्ये दाखवावे’ असे हुकूमनाम्यात येते आणि दोघेही निर्धास्त होतात. घोळ इथेच होतो. २००८ नंतरच्या घटस्फोटांत आयआरएस, म्हणजे तिथले आयकर खाते, हुकूमनाम्यावर विसंबत नाही. ते दोनच गोष्टी बघते: मूल रात्री कोणाकडे होते आणि ठरलेल्या फॉर्मवर सही आहे का. म्हणून आपणही त्याच क्रमाने जाऊ.

१. मूल ‘अवलंबित’ ठरते का? मूल वर्षअखेरीस १९ वर्षांच्या आत हवे. पूर्णवेळ शिकत असेल तर २४ च्या आत. कायमचे पूर्ण अपंगत्व असेल तर वयाची अट नाही. स्वतःच्या खर्चाचा निम्म्याहून जास्त भार मुलाने स्वतः उचललेला नसावा. ते अमेरिकेचे नागरिक किंवा करापुरते तिथले रहिवासी असावे. कॅनडा आणि मेक्सिकोच्या रहिवाशांनाही सूट आहे. भारतातच राहणारे, अमेरिकेचे नागरिक नसलेले मूल मात्र दाखवता येत नाही.

२. रात्री मोजा. वर्षात ज्याच्याकडे मुलाच्या जास्त रात्री, तो आयआरएसच्या लेखी ताबा असलेला पालक. शाळा सुटल्यावर मूल रोज वडिलांकडे असले, पण झोपायला आईकडे जात असले, तर रात्र आईची. पालक रात्रपाळीला जात असेल आणि त्यामुळे मूल त्याच्याकडे दिवसाच जास्त असेल, तर मात्र दिवस मोजतात. ‘एक आठवडा तुझ्याकडे, एक माझ्याकडे’ अशी निम्मी-निम्मी वाटणी असली तरी ३६५ हा विषम आकडा आहे, म्हणजे साधारणपणे एकाकडे १८३ रात्री भरतातच. तरीही बरोबरी झालीच, तर ज्याचे समायोजित उत्पन्न जास्त तो ताबा असलेला पालक.

सुट्टीत मूल आजी-आजोबांकडे पुण्याला गेले, तर त्या रात्री एरवी ते ज्या पालकाकडे असते त्याच्या खात्यात जमा होतात. म्हणून कॅलेंडरवर रोजची नोंद ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये आठवून लिहिलेला हिशेब कोणालाच पटत नाही.

३. हक्क सोडायचा असेल तर फॉर्म ८३३२. ताबा असलेल्या पालकाने हा फॉर्म सही करून द्यायचा आणि दुसऱ्याने तो आपल्या रिटर्नला जोडायचा. पहिला भाग चालू वर्षापुरता, दुसरा पुढच्या वर्षांसाठी. इथे घाई नडते: दुसऱ्या भागात ‘पुढची सर्व वर्षे’ असे लिहून सही केली की हक्क दरवर्षी जात राहतो. तिसऱ्या भागाने तो परत घेता येतो, पण ज्या वर्षी दुसऱ्या पालकाला कळवले त्याच्या पुढच्या करवर्षापासूनच. म्हणून आलटून-पालटून ठरले असेल तर दरवर्षी फक्त पहिला भाग भरा.

४. काय जाते, काय राहते? फॉर्मने ‘चाइल्ड टॅक्स क्रेडिट’, म्हणजे १७ वर्षांखालच्या मुलामागे करात मिळणारी वजावट, दुसऱ्याकडे जाते. २०२५ साठी ती २,२०० डॉलरपर्यंत आहे. कुटुंबप्रमुख म्हणून रिटर्न भरण्याची सवलत, पाळणाघराच्या खर्चावरचे क्रेडिट आणि कमी उत्पन्नाचे ‘अर्न्ड इन्कम क्रेडिट’ मात्र फॉर्मने हलत नाही. त्यांच्या बाकीच्या अटी पूर्ण होत असतील तर ती ताबा असलेल्या पालकालाच मिळतात. ‘फॉर्म हातात आहे, आता मीच कुटुंबप्रमुख’ असे समजणारे बरेच जण इथे चुकतात.

५. मुलाचा क्रमांक तपासा. चाइल्ड टॅक्स क्रेडिटला मुलाचा, नोकरीसाठी चालणारा सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतो. एच-४ व्हिसावरच्या मुलांकडे सहसा तो नसतो, आयटीआयएन हा करापुरता क्रमांक असतो. त्यांच्यासाठी ५०० डॉलरपर्यंतचे वेगळे, छोटे क्रेडिट आहे.

६. दोघांनीही दावा केला तर? ज्याचे रिटर्न आधी पोचले ते स्वीकारले जाते. दुसऱ्याचे ऑनलाइन रिटर्न साधारणपणे परत येते. पण आधी पोचला म्हणून तो बरोबर, असे नाही. आपण कागदावर रिटर्न पाठवू शकता, किंवा आयआरएसकडून ओळख-सुरक्षेचा पिन घेऊन ऑनलाइनही भरू शकता. पुढे दोघांनाही तपासणीचे पत्र येऊ शकते. त्या वेळी मुलाचा पत्ता दाखवणारे शाळेचे आणि डॉक्टरांचे कागद कामी येतात. आपलीच चूक असेल तर दुरुस्तीचे रिटर्न भरा. नियम धाब्यावर बसवून केलेल्या दाव्याला दोन वर्षे, फसवणुकीला दहा वर्षे क्रेडिटबंदी होऊ शकते.

दुसरा पालक हुकूमनामा मोडून फॉर्म देतच नसेल, तर दाद न्यायालयात मागावी लागते. आयआरएस त्यात पडत नाही. करार अजून व्हायचा असेल, तर वकिलांना सांगून त्यात एक वाक्य घालून घ्या: ‘सही केलेला फॉर्म ८३३२ दरवर्षी १५ फेब्रुवारीपर्यंत द्यावा.’ म्हणजे १५ एप्रिलच्या मुदतीआधी पाठपुरावा करायला दोन महिने मिळतात.