एका ढांगेत दोनदा हवेत

कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य आहे, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. खुरटं गवत, बाभळी आणि नजर पोचेल तिथवर उघडा माळ. काळवीट बिचकलं की आधी सरळ वर उसळतं आणि मग असं सुटतं की डोळे मागे राहतात. अशा हरणांच्या आणि सशांच्या मागे धावता धावता दख्खनच्या माळावर एक कुत्रा घडत गेला: कारवानी. त्याच्या केसाळ भावाला पश्मी म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी याच कुळातली जोडी पंचम जॉर्जला भेट दिली आणि मुधोळ हाऊंड हे नाव रूढ झालं. १९७२च्या कायद्यानं शिकार बंद झाली. कुत्र्याचं अंग मात्र अजून शिकाऱ्याचंच आहे.

या जातीचं चित्र एखाद्या केनेल क्लबनं करून मागितलं, तर चित्रकारापुढे किती विलक्षण काम येतं! घरमालकाला आपल्याच मोत्याचं चित्र हवं असतं, त्याच्या फाटक्या कानासकट. क्लबला कुठल्याच एका कुत्र्याचं चित्र नको असतं. ब्रीड स्टँडर्ड म्हणून जातीचं जे वर्णन लिहून ठेवलेलं असतं, ते शब्द अंगानिशी उभे करून हवे असतात. म्हणजे कधी जन्मालाच न आलेल्या कुत्र्याचं हुबेहूब चित्र काढायचं.

म्हणून तो बहुधा एका कुशीनं दाखवतात: पुढचे पाय सरळ खांबासारखे, मागचे थोडे मागे. शोमधली मंडळी याला ‘स्टॅक’ करणं म्हणतात. या उभ्या रेषेत सगळं उघडं पडतं. लांब निमुळतं तोंड, लांब मान, हृदय आणि फुप्फुसांना ऐसपैस जागा देणारी खोल छाती, तिच्या मागे एकदम खपाटीला गेलेलं पोट. फसायला होतं ते कानांत. ग्रेहाऊंडचे फोटो बघून हात बसलेला चित्रकार नकळत कान मागे दुमडतो. कारवानीचे कान डोक्यालगत खाली लोंबतात. एवढ्या एका चुकीनं कुत्र्याचा देश बदलतो.

आपल्याकडे कुत्र्याचं चित्र मागवून घेण्याची रीत तशी जुनीच. पारनेर तालुक्यात पिंपळगाव रोठ्याला कोरठण खंडोबा आहे. खंडोबा ज्यांचं कुलदैवत, त्यांच्या देवघरातल्या टाकांवर घोड्यावरच्या देवापाशी कित्येकदा कुत्रा दिसतो. इवल्याशा पत्र्यावर तो नुसता कुत्रा म्हणून ओळखू आला की पुरे. टपाल खात्यानं ९ जानेवारी २००५ रोजी चार भारतीय जातींची तिकिटं काढली, त्यात मुधोळ हाऊंड होता. तिकीटही लहानच, पण तिथे जात ओळखू यायलाच हवी.

आता खरी गंमत. तो धावताना काढायचा तर?

युरोपातले चित्रकार दौडता घोडा चारही पाय ताणून हवेत तरंगवत. जेरिकोचं १८२१चं एप्समच्या शर्यतीचं चित्र तसंच आहे. पुढे १८७८ साली मायब्रिजनं कॅमेऱ्यांची रांग लावून घोड्याच्या दौडीची छायाचित्रं घेतली, आणि कळलं की घोडा हवेत असतो तेव्हा त्याचे पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. ताणलेला घोडा खोटा ठरला. आणि शिकारी कुत्रा? तो तसा खरंच ताणलेला असतो! १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या मायब्रिजच्या संग्रहात कुत्र्यांच्या धावण्याच्याही चित्रमालिका आहेत. पूर्ण वेगातला असा कुत्रा एका ढांगेत दोनदा जमीन सोडतो: एकदा अंग पसरून, एकदा गोळा करून. दोन्हींच्या मधे पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. घोड्याच्या ताठ पाठीला हे जमत नाही. घोड्यावर लादलेली ती सुंदर चूक कुत्र्याच्या बाबतीत सत्य होती, हे वाचल्यापासून मला कारवानीकडे साधेपणानं बघताच येत नाही.

म्हणून क्लबवाल्यांना माझं आग्रहाचं सांगणं, उभ्या चित्राच्या जोडीला धावतं चित्रही मागवा, आणि तेही गोळा झालेल्या क्षणाचं. पसरलेली झेप सगळेच काढतात. गोळा झालेल्या क्षणी मागचे पंजे पुढच्यांना ओलांडून पुढे जातात, पाठीची कमान होते. कागदावर ते पाय चुकलेसे वाटतात, आणि चित्रकाराला ‘दुरुस्त’ करायचा मोह होतो. तिथे त्याचा हात आवरायला क्लबनं एक व्हिडिओ हाताशी ठेवावा, अगदी संथ गतीचा.